पुढच्या बैलाची घंटी

आमच्या गाडीचा भोंगा बाने कधी वाजवल्याचं मला आठवत नाही. गरजच पडत नसे. पुढच्या बंपरखाली, डाव्या चाकाच्या अंगाला, चामड्याच्या वादीने एक पितळी घंटी बांधलेली असे, आणि ढाणकीपासून आमच्या तांड्यापर्यंतच्या रस्त्याला खड्डे इतके होते की ती गप्प राहणं शक्यच नव्हतं. गाडी नाल्यापलीकडे असायची तोवरच तांड्यातल्या बायका पिशव्या सावरून उठायच्या, कोणी आजारी माणसाला बाजेवर उठवून बसवायचं, आणि कुत्री तर आधीच रस्त्यावर जाऊन उभी असायची. घंटी याडीची. याडी म्हणजे आई. तिच्या आज्याचे बैल पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरत, तेव्हा सगळ्या लदेणीच्या पुढे चालणाऱ्या बैलाच्या गळ्यात ही घंटी असे. पुढे लदेणी बंद पडली, तांडे एका जागी बसले, माणसं शेती करू लागली. घंटी मात्र लग्नात याडीबरोबर आमच्या घरी आली. बाने गाडी आणली त्या दिवशी याडीने तिच्याभोवती एक फेरी मारली, चारी चाकांना हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "याच्या गळ्यात काईच नाई. बोडका दिसून राह्यला." गाडीला ती पहिल्या दिवसापासून बैलच समजली. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलत असू, पण ती इथे लिहिली तर माझ्या सुनेलाच अर्थ सांगत बसावं लागेल. म्हणून सगळ्यांना वऱ्हाडीत बोलू देते.

गाडी म्हणजे त्या काळी सगळ्या साहेबलोकांकडे असायची तीच, गोल पाठीची, जाड पत्र्याची. बाच्या हाती आली तेव्हाच तिचं अर्धं आयुष्य संपलेलं होतं. सीटच्या गाद्या फाटलेल्या होत्या, त्यांवर याडीने आपल्या हाताने कशिदा भरलेल्या, आरसे लावलेल्या खोळी शिवून चढवल्या. उन्हात गाडी उभी असली की आतल्या छताला उजेडाचे ठिपके पडायचे आणि गाडी चालू झाली की ते थरथरायचे. मागच्या काचेपाशी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कायम असे, कारण बा कुठे अडकेल याचा नेम नसे. शेती सांभाळून तो लोकांना बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला न्यायचा. येणाऱ्याने तेल भरायचं, एवढाच हिशोब. याडी त्यावरून त्याला टोचून बोलायची, पण पहाटे त्याच्यासाठी ज्वारीच्या भाकरी थापताना एक भाकर जास्तच टाकायची. गाडीत कोणीतरी उपाशी असणारच हे तिलाही माहीत होतं. आजही गरम भाकरीचा वास आला की मागोमाग मला पेट्रोलचा वास येतो आणि हसू येतं. माझ्या घरच्यांना यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नाही, आणि मलाही ते समजावून सांगता येत नाही.

घरात आम्ही दोघी बहिणी. मी सुमित्रा, सगळ्यांची सुमी, आणि माझ्याहून बरीच मोठी कमळा. मी तिला कमळाबाई म्हणायचे, अजूनही म्हणते. कमळाबाई आमच्या तांड्यातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी, आणि त्या वर्षी तिला यवतमाळहून नर्सिंगच्या शिक्षणासाठी मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. तिची सोयरीक आधीच ठरलेली होती. होणारे सासरे बऱ्या स्वभावाचे, त्यांनी बाला शब्द दिला होता, "नंबर लागला तं पोट्टीले शिकू द्या, आमी थांबतो. नाई लागला तं उन्हाळ्यात लगन उरकू." म्हणजे जे काही व्हायचं ते त्या एका मुलाखतीत. कमळाबाई आरशासमोर उभी राहून स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचा सराव करायची, आणि मी मुलाखत घेणारी मॅडम होऊन तिला "ताप कशानं मोजतात?" असले प्रश्न विचारायचे. एकदा मी "नवऱ्याले मोजता येईन का?" असं विचारलं, तेव्हा तिने मला लाटणं फेकून मारलं होतं.

गाडीतला आवाज पहिल्यांदा ऐकला तो तांड्यातल्या एका म्हातारीने. दवाखान्यातून परत येताना ती पुढे बसली होती. उतरताना बाला म्हणाली, "तुह्या बैलाच्या पायात काटा हाये बाबू." बा हसला. पण त्याच्या मनात ते राहिलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्याने डिकीतला जॅक आणि पाने गोणपाटात गुंडाळून ठेवले. आवाज जॅकचा असेल अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. मग समोरची पाटी घट्ट केली. मग बॉनेट. जे जे वरून दिसत होतं ते सगळं घट्ट झालं, आणि आवाज होता तिथेच राहिला. पुसदला बाबाराव मिस्त्रीकडे नेली. बाबाराव हा माणूस मोठा गप्पिष्ट. बॉनेट उघडायच्या आधीच त्याचं निदान तयार असे. पुसदच्या बाजारपेठेत उभं राहून त्याने मान वाकडी केली, बंपर दोनदा दाबला आणि जाहीर केलं, "शॉकप. दोनी बाजूचे. डोळे बांधून सांगतो." शॉकपचं तेल बदललं, सुकलेल्या रबरांवर त्याने आधी पाणी ओतून पाहिलं, करकर थांबली तशी ती रबरं नवी टाकली. करकर गेली. बा खुशीत घरी आला. याडीने अंबाडीची भाजी आणि ठेचा केला होता, बाने हात न धुताच पहिला घास घेतला. पण करकरीच्या खाली दुसरा एक आवाज होता, जड, एकदाच होणारा. तो गेला नव्हता.

"घंटी काहाड," कमळाबाई त्याला जेवतानाच म्हणाली.

"काहून?"

"खड्ड्यात चाक पडलं का घंटी वाजते. अन् खड्ड्यातच आवाज येते. दोनी संगमंगच. तुमाले ऐकू कसं येईन?"

बाने याडीकडे पाहिलं. घंटी काढायची म्हणजे साधी गोष्ट नव्हती. पोळ्याला बैलांच्या घंट्या चिंचेने घासायच्या तेव्हा याडी ही घंटी सर्वांत आधी घासायची, आणि एकदा बांधली की पुढच्या पोळ्यापर्यंत कोणी हात लावत नसे. आमच्या आधीच्या लोकांत पुढच्या बैलाची घंटी वाटेत काढली तर मागचे बैल थांबतात असं मानत.  याडी म्हणाली, "काहाडा. पण यवतमाळहून वापस आलं का बांधाची." तिने ती स्वतःच्या हाताने सोडली, फडक्यात गुंडाळली आणि ज्वारीच्या कोठीवर ठेवली.

आणि मग बाने गाडीची परीक्षा घेतली, ती लंगड्या बैलाची घेतात तशी. आमच्याकडे बैल लंगडायला लागला की त्याला आधी रिकामा चालवतात, मग ओझं देऊन, आणि मालक खांद्यावर हात ठेवून बरोबर चालतो. दुखरा पाय टेकताना खांदा हाताला सांगतो. बाने कमळाबाईला स्टिअरिंगवर बसवलं. तिला त्याने उन्हाळ्यात पडीत वावरात गाडी चालवायला शिकवलं होतं, ते तांड्यात कोणाला फारसं रुचलं नव्हतं. बाने गाडीवाटेवर बैलगाडीचा जाड नाडा, ओझं आवळायचा दोर, दुमडून आडवा टाकला आणि एक हात डाव्या मडगार्डवर ठेवून तो गाडीबरोबर चालायला लागला. "हळू. अजून हळू. आता चाक नाड्यावर घे." सगळा तांडा बांधावर बसून बघत होता. आधी उजवं चाक नाड्यावरून नेलं: काही नाही. मग डावं. चाक नाड्यावर चढलं तेव्हा गप्प, आणि पलीकडे उतरलं तेव्हा टक. बाने नुसता हात वर केला. मग मला आणि आणखी पोरांना डाव्या अंगाला कोंबून बसवलं, पुन्हा नाड्यावरून. टक वाढली. बंपर दाबून मात्र काहीच आवाज येत नव्हता. बा म्हणाला, "चढताना दुखत नाई. पाय खाली सोडताना दुखते. खालचा सांधा हाये." कमळाबाईने खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "मले आवाज आधी स्टेरिंगमंदी लागते, मंग कानाले येते. तसं असते का?" बाने तिच्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की मला तिचा हेवा वाटला.

पुन्हा पुसद. आम्ही दोघी बरोबर होतो. बाबारावने शॉकपचं नावही काढलं नाही. गाडी जॅकवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवलं आणि ते जागच्या जागी डुगडुगलं. खालच्या आडव्या हाताखाली, ज्याला तो लोअर आर्म म्हणत होता, त्याने टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून जोर दिला आणि आवाज आमच्या डोळ्यांदेखत झाला: टक. पिन झिजून अर्धी झाली होती. नवी पिन आणि बुश टाकलं. आता हा भाग मी सावकाश लिहिते, कारण पुढचं सगळं इथे आहे. त्या पिनेच्या टोकाला खाचांचा नट असतो, आणि नट फिरू नये म्हणून खाचेतून आरपार एक बारीक तार घालतात, टोकं दोन्हीकडे वळवून. स्प्लिट पिन. काढताना जुनी तुटली होती. बाबारावने नवी आणायला माणूस पाठवला. तोवर चहा आला. बाबारावने एका बड्या माणसाच्या गाडीची गोष्ट सुरू केली, गोष्ट रंगली, हसणं झालं, आणि हसता हसता बाने स्वतःच चाक उचलून जागेवर बसवलं, मिस्त्रीला मदत म्हणून. चाक बसलं की नट दिसत नाही. पाठवलेला माणूस परत आला तो दुसऱ्याच गाडीच्या कामाला लागला. त्यानंतर कित्येक दिवस बा घंटीशिवाय गाडी चालवून ऐकत राहिला. आवाज गेला होता. बाजारात भेटेल त्याला तो सांगायचा, "कान लावून पाह्य, काई येते का."

मुलाखतीच्या दिवशी पहाटे याडीने लापशी केली. कमळाबाईने दोन घासच खाल्ले. नवी साडी, वेणीला लाल फीत, पायात बाने ढाणकीहून आणलेल्या चपला. तांड्यातले लोक ओट्यावर येऊन उभे होते. बाने गाडी चालू केली, पहिल्या खड्ड्यात चाक पडलं आणि घंटी वाजली.

बाचा हात गिअरवर थबकला. त्याने आरशातून मागे याडीकडे पाहिलं. याडीने कमळाबाईकडे पाहिलं, एकदाच, आणि पदर तोंडाला लावला. मी दोघींच्या मध्ये बसले होते, मला हे स्पष्ट आठवतं; अर्थ मात्र मी त्या वेळी चुकीचा लावला. बाला वाटलं, पोरगी पहिल्यांदा शहरात जाते म्हणून याडीनेच शकुनासाठी बांधली. थांबून काढावी तर हिचं मन मोडेल, तेही आजच्या दिवशी. त्याने गिअर टाकला. घंटी वाजवत आम्ही नाला ओलांडला आणि कमळाबाई मागे वळून, काचेतून, दिसेनासा होईपर्यंत तांडा बघत राहिली.

उमरखेडपर्यंत छान गेलो. पुढे रस्ता उखडलेला होता, घंटी एकसारखी वाजत होती. मी आणि कमळाबाई नाव-गाव-शिक्षण असा सराव करत होतो. बा एकदा म्हणाला, "रस्ता लय खराब हाये बावा, हाताले मारून राह्यला." महागावच्या पुढे एका छोट्या पुलाच्या उतारावर डाव्या बाजूला काहीतरी मोठ्याने तुटलं, गाडी त्या कोपऱ्यावर बसली, चाक आडवं झालं आणि आम्ही खरडत खरडत जाऊन पुलाच्या दगडाला टेकलो. सीटच्या खोळीचे आरसे फुटून माझ्या मांडीवर पडले. बाची छाती स्टिअरिंगवर आपटली होती, त्याला श्वास घेता येत नव्हता. कमळाबाईचं कपाळ फुटलं होतं आणि रक्त नव्या साडीवर पडू नये म्हणून ती मान पुढे करून बसली होती. त्याही अवस्थेत तिने विचारलं, "वाजले किती?"

एका ट्रकने आम्हाला यवतमाळपर्यंत नेलं. आधी दवाखान्यात न जाता मुलाखतीच्या जागीच गेलो. कमळाबाईचं नाव पुकारून झालं होतं, तिच्या जागी यादीतली पुढची मुलगी घेतली होती. आतल्या बाईंनी तिच्या कपाळाकडे पाहून पाणी दिलं, खुर्ची दिली, पण नियमापुढे त्यांचं काही चाललं नाही. त्यांचा मला राग येत नाही. मीही पुढे आयुष्यभर नियमच पाळत आले.

बाबाराव स्वतः येऊन गाडी ओढून घेऊन गेला. नट कुठेतरी रस्त्यात पडला होता. स्प्लिट पिन नसलेलं भोक बघून तो माणूस, जो कधी गप्प बसत नसे, तो बाचे पाय धरायला वाकला. बा म्हणाला, "चाक म्या बसवलं रे." संध्याकाळी आमच्या दारात तांडा गोळा झाला. बा हातात ती घंटी घेऊन बसला होता, तिची कड चेपली होती. नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, म्हणाले, "पोरीच्या जातीले कायले धाडता? रस्त्यानंच आडवलं." बाने ते ऐकलंही नसावं. त्याने मान वर न करता विचारलं, "घंटी बांधलीच काहून? घंटी नसती तं मले आवाज आला असता. लय आधी आला असता."

"म्या बांधली," याडी म्हणाली. "माह्या माहेरची हाये, माह्या हातानं बांधली. पोट्टीच्या नशिबाले बोल लावू नका. बोल मले लावा."

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात अपराध राहायला आला, तो गेलाच नाही. बा कमळाबाईच्या डोळ्याला डोळा देईना. गाडी दुरुस्त झाली, पण चालू करायच्या आधी तो रोज खाली झोपून प्रत्येक नटाची पिन हाताने चाचपायचा, आणि एके दिवशी विकूनच टाकली. "घंटी ऐकू आली व्हती मले," तो याडीला म्हणायचा, "थांबलो काहून नाई मी?" आणि याडी म्हणायची, "बांधली तं म्या ना." दोघं आपापली चूक एकमेकांपुढे अशी मांडायचे, जणू जास्त कोणाची यावरच भांडण आहे. कमळाबाईच्या ताटात सायीचं दही पडायचं, पहिली भाकर तिची, आणि ती खालमानेने जेवायची. उन्हाळ्यात ठरल्याप्रमाणे तिचं लग्न झालं. नवरा चांगला मिळाला, ढाणकीजवळच्याच तांड्यात. कपाशी आणि तुरीचं वावर, दोन मुलं.

आणि मी? मी त्या अपराधावर वाढले. नायकांनी, काकांनी, सगळ्यांनी सांगून पाहिलं की एक अनुभव पुरे. पण मी सातवी झाल्याबरोबर याडीने माझी पेटी भरली. "एकीचं माह्या हातानं गेलं," ती म्हणाली, "दुसरीचं जाऊ देत नाई." पुसदचं वसतिगृह, मग शिक्षिकेचं शिक्षण, मग नोकरी, शेवटी मुख्याध्यापिका, यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला स्वतःचं घर. प्रत्येक पायरीवर मला वाटायचं, ही जागा माझी नाही. पहिल्या पगाराचं लुगडं मी कमळाबाईला नेलं तेव्हा तिने ते आनंदाने नेसलं, आणि मी परतीच्या बसमध्ये रडले. तिच्या मुलांच्या शाळेचं, आजारपणाचं मी करत राहिले, आणि करताना मनात नेहमी चोरी केल्यासारखं असे. बा गेला तेव्हा शेवटच्या दिवसांत तो कमळाबाईला एकच विचारायचा, "माफ केलं ना वं?" ती त्याचे पाय दाबत बसायची. काही वर्षांनी याडीही गेली. मागे राहिलेल्या सामानातून कमळाबाईने फक्त घंटी मागितली. मला ते विचित्र वाटलं होतं. जिने आयुष्य बिघडवलं ती वस्तू कोण मागतं?

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. माझी गाडीही आता म्हातारी झाली आहे, लहान, लाल, आणि कित्येक महिने पुढून वाजते आहे. लोहाऱ्याचा मिस्त्री म्हणतो, "मॅडम, चालते अजून," आणि मी गाणी लावून चालवते. आम्ही दोघी ढाणकीच्या बाजाराला निघालो. तांडा सुटत नाही तोच कमळाबाईने हात लांब करून गाणं बंद केलं. "थांबव."

तिने समोरच्या बैलगाडीवाल्याकडून नाडा मागून घेतला, वाटेवर आडवा टाकला, साडी खोचली आणि डाव्या मडगार्डवर हात ठेवून उभी राहिली. पांढरे केस, कपाळावरची ती बारीक रेघ. "घे. हळू." मी घेतली. चाक उतरलं आणि टक झालं.

"खालचा सांधा," ती म्हणाली. "गाणे लावून फिरून राह्यली तू. घंटीसारखंच झालं हे." मग तिने हात काढला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. "सुमे, घंटी म्या बांधली व्हती."

मला आधी नीट कळलं नाही. गाडी चालूच होती.

"याडी लापशी करत व्हती तवा. आपल्याकडची पोरगी तांड्यातून निघते तं रडत निघते. हवेलीचं गाणं गात, गळ्यात पडत. मले तसं नव्हतं निघाचं. मले वाजत निघाचं व्हतं. सगळ्यायनं भायेर येऊन पाह्यलं पाह्यजे का कमळी चालली." ती थोडं हसली. "स्टेरिंगमंदी काय लागते थे मले बाहून चांगलं समजत व्हतं. पण मी मांगं बसली व्हती. तांडा पाहत."

"याडीले माहीत होतं?"

"तिनं गाडीतच ओळखलं."

"मंग एवढी वर्सं तू बोलली काहून नाई, बाई?"

"बोलाले गेलती. तुले पुसदले धाडाची बोलणी चालू व्हती तवा. याडीनं माह्या तोंडावर हात ठेवला. म्हणे, गप. पोट्टीनं मिरवासाठी गाडी पाडली असं झालं तं उद्या सुमीले कोणी उंबरा ओलांडू देणार नाई. आमची चूक हाये तवरच ते तिले शिकू देतीन. सुमी शिकू दे, मंग बोल." कमळाबाईने पदराने मडगार्डवरची धूळ पुसली, उगाच. "तू शिकली तवर सवय होऊन गेली. बाले सांगाचं राह्यलं. त्यानं मले माफी मागतली, सुमे, अन् म्या त्याचे पाय दाबत बसली. बा तसाच गेला."

आयुष्यभर मी समजत होते की मी हिच्या वाट्याचं खाल्लं. तिने आणि याडीने ते मला जाणूनबुजून वाढलं होतं, आणि बाच्या ताटातलं काढून वाढलं होतं. तो चाकाखाली झोपून पिना चाचपायचा ते माझ्या शाळेसाठी, आणि त्याला ते कोणी सांगितलं नाही. हे ऐकून माझ्यावरचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, आणि रडताना मला बाच्या छातीला तिथेच लागलं होतं ते आठवलं.

तिने मला रडू दिलं. मग मडगार्डवर थाप मारली.

"चाल, अजून एक डाव घे. आता दुसरं चाक. थे बी पाहून घेऊ."

मी काच पूर्ण खाली केली, गिअर टाकला आणि गाडी नाड्यावर घेतली.